वहिवाट

जमीन उचलून ठेवता येते
हे मला बालेवाडीत कामाला लागल्यावर कळलं.
दोनशे चोवीस तुकडे, मेपलचे,
प्रत्येकाच्या पोटाखाली आकडा
आणि कडेला लोखंडी खिट्टी.
मधल्या रेषेपासून लावत जायचं.
भिंतीकडून आलात
तर शेवटी बोटभर जमीन उरते, नाहीतर कमी पडते
आणि मग भांडण.

साड्यांचं प्रदर्शन लागलं की उचलायची.
दत्तू पायगुडे खिट्ट्या काढतो,
मी आकडे पुकारतो,
तुकडे गाडीवर तोंडाला तोंड, पाठीला पाठ,
मध्ये जुनं फेल्ट,
नाहीतर रात्रभर एकमेकांना ओरबाडतात.

नवीन आलेल्या यमुनामावशींनी पहिल्याच दिवशी
भरलेली बादली आणली.
म्हटलं, बादली दाराबाहेर.
हिला आंघोळ नाही, नुसतं अंग पुसायचं,
फडकं पिळून पिळून जवळजवळ कोरडं,
आणि फळी जाते त्या दिशेनं, आडवं नाही.
मावशी म्हणाल्या, अगं बाई, भलतीच सोवळ्यातली दिसते.

भिंतीवर हवेतली ओल सांगणारा काटा आहे.
पन्नासच्या आत असला की मी चहा पितो.
श्रावणात तो सत्तरीला टेकतो,
तुकडे अंग फुगवून बसतात, खिट्टी हलत नाही,
दत्तू तिच्या आईबापाचा उद्धार करतो.
एप्रिलमध्ये उलट :
फटीत रुपया उभा राहील.
कुठल्या थंड मुलखात, कधी तोडलं असेल ते झाड,
पण लाकूड पाणी विसरत नाही.

माझ्याकडे एक वही आहे.
कुठल्या आकड्याला टवका, कुणाची टाच,
बॅडमिंटनवाल्यांच्या चिकटपट्टीचा डिंक कुठे राहिला,
खिट्टी कधी बदलली.
दत्तू तिला सातबारा म्हणतो.
आमचा खरा सातबारा रस्त्यात गेला,
वडिलांच्या नावाला कंस पडला
तेव्हा मी आठवीत होतो.
हे मी दत्तूला सांगितलेलं नाही.

एकशे सतरा हरवला तो एका क्लासच्या गुणगौरवानंतर.
दोन दिवसांनी सापडला
मागच्या दाराशी, केटररच्या गाड्याला उतार म्हणून टाकलेला,
सांबार पिऊन पापडासारखा वळलेला.
भवानी पेठेत हुसेनभाईंकडे नेला.
ते म्हणाले, मेपल कुठून आणू, बीच आहे,
रंगात कळणार नाही.
जाडी केसभरही चुकवली नाही त्यांनी.
पोटाखालचा आकडा मी खिळ्यानं कोरला.

नाही कळलं कुणाला.
साहेबांना नाही, तपासणीवाल्यांना नाही,
दोन्ही कोचना तर नाहीच.
मला कळायचं. चेंडू तिथे पडला
की आवाज जरा आत जायचा,
दाराआडून बोलल्यासारखा,
आणि उसळी चार बोटं कमी.

मग चौदा वर्षांखालची ती ओवी कुंजीर,
वाघोलीहून दोन बस बदलून येते,
चेंडू टप्पे देत नेता नेता थांबली.
पुन्हा आपटला. बूट ठेवून पाहिला.
मग सरळ माझ्याकडे बघून :
काका, इथे खाली काय आहे?
म्हटलं, काही नाही, खेळ.
ती खेळायला गेली.

रविवारी सामना होता.
तिसऱ्या डावात माझ्या लक्षात आलं,
ती समोरच्या मुलीला हळूहळू
डावीकडे, अजून डावीकडे रेटतेय,
आणि त्या मुलीचा चेंडू एकशे सतरावर पडला,
यायचा तेवढा वर आलाच नाही.
ओवी आधीच वाकलेली होती.

हॉल रिकामा झाल्यावर मी वही काढली.
बदलायला हवा म्हणून साहेबांना अर्ज लिहायचा होता.
तो राहिला.
एकशे सतरासमोर पेन्सिलनं लिहिलं :
वहिवाट – ओवी कुंजीर.

मंगळवारपासून बिल्डरांचं प्रदर्शन आहे.
दत्तूला सांगायचंय
खिट्टयांना तेल नको, मेण लाव.